दहा मिनिटांत बरा झालेला लकवा आणि मानेतली धमनी



हा लेख वाचता वाचता एक करून बघा. दोन बोटं कानाच्या अगदी पुढे, गालाच्या हाडाच्या जरा वर अलगद ठेवा. टिकटिक लागेल. आता बोटं खाली जबड्याच्या काठावर आणा. दात आवळल्यावर जो स्नायू टणक होतो, त्याच्या लगेच पुढे पुन्हा एक ठोका लागेल. मग एका बाजूला मानेत, कंठमण्याच्या शेजारी. तिथला ठोका सगळ्यात जोरकस. मानेत फक्त हलकं बोट ठेवायचं, दाबायचं नाही, आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी तर मुळीच नाही. का, ते पुढे सांगतो.

हे तिन्ही ठोके एकाच झाडाच्या बुंध्याचे आणि फांद्यांचे आहेत. आज त्या झाडाविषयी लिहितो आहे, आणि त्यातून एक गोष्ट पटवून द्यायची आहे: तोंड वाकडं होऊन, हात लुळा पडून किंवा बोलणं अडखळून जे दहा मिनिटांत 'बरं' होतं, ते बरं झालेलं नसतं. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं असतं. बाभुळगावात इतकी वर्षं प्रॅक्टिस केल्यावर माझं हे मत अधिकाधिक पक्कं होत चाललं आहे.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. आपल्याकडे सगळ्यालाच 'शीर' किंवा 'नस' म्हणतात. 'डॉक्टरसाहेब, डोक्याची नस दबली' असं सांगणारा माणूस कधी मज्जातंतूबद्दल बोलत असतो, कधी रक्तवाहिनीबद्दल, आणि कधी नुसत्या आखडलेल्या मानेबद्दल. हृदयाकडून शुद्ध रक्त घेऊन जाते ती धमनी. ती खोल असते, तिला ठोका असतो, कापली तर रक्त उडतं. परतीचं रक्त आणते ती शीर. हातावर निळी दिसते ती हीच, तिला ठोका नसतो. आजचा विषय धमन्यांचा. (नाकावरची पुटकुळी फोडू नका म्हणतात, ते शिरांमुळे. तिथल्या शिरांतून संसर्ग मेंदूकडे जाऊ शकतो. सल्ला बरोबर आहे, पण तो वेगळा विषय.)

झाड कसं आहे?

हृदयातून निघालेल्या महाधमनीपासून मानेच्या दोन्ही बाजूंनी एकेक मोठी धमनी वर जाते. आम्ही तिला कॅरोटिड म्हणतो. कंठमण्याच्या वरच्या काठापाशी ती दुभंगते. एक फांदी बाहेरची, एक आतली.

बाहेरच्या फांदीला आठ उपफांद्या आहेत. कोणी थायरॉइडला जाते, कोणी जिभेला, कोणी डोक्याच्या मागच्या भागाला. जबड्याच्या काठावर तुम्हाला लागली ती चेहऱ्याची धमनी. ती ओठांच्या कोपऱ्यावरून, नाकाच्या कडेने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत चढते, आणि वाटेत इतकी वळणं घेते की आपण तोंड कितीही उघडलं, गाल कितीही फुगवले तरी तिला ताण बसत नाही. कानापुढे लागली ती कानशिलाची धमनी. एक मोठी उपफांदी जबड्याच्या आडून खोल जाते आणि दात, हिरड्या, टाळू, नाकाचा आतला भाग सांभाळते.

आतली फांदी मात्र चेहऱ्याकडे जवळजवळ ढुंकूनही पाहत नाही. मानेत तिला एकही उपफांदी नाही. ती सरळ कवटीत शिरते. तिची पहिली मोठी देणगी डोळ्याला, बाकी सगळी मेंदूला. मानेच्या मणक्यांतून आणखी दोन धमन्या मागच्या बाजूने मेंदूकडे जातात. म्हणजे मेंदूचा सगळा कारभार या चार नळ्यांवर.

मानेतल्या या जागा नाजूक आहेत हे जुन्या लोकांनाही ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत मर्मांची जी यादी आहे, तीत मानेतली आठ मातृका मर्मं आणि कानशिलावरची दोन शंख मर्मं तात्काळ प्राण घेणाऱ्या मर्मांत मोजली आहेत. 'कॅरोटिड' हा शब्द ग्रीक, त्याच्या मुळाशी गुंगी आणण्याचा अर्थ आहे. या धमन्या दाबल्या की माणूस गुंगतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळेच मी वर दाबू नका म्हटलं. दुभंगण्याच्या जागी रक्तदाब मोजणारी एक छोटीशी यंत्रणाही असते. तिथे जोर पडला तर मेंदूला वाटतं, दाब फार वाढला, आणि तो हृदयाचे ठोके कमी करतो. वयस्कर माणसाला तेवढ्यानेही चक्कर येऊन पडायला होतं. घट्ट कॉलर लावून मान वळवताना कोणाला चक्कर येते, ती कधीकधी यातलीच असते.

चेहरा श्रीमंत

चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या त्वचेच्या धमन्या एकमेकींना ठिकठिकाणी जोडलेल्या आहेत. डावी उजवीला, बाहेरची आतलीला. एखाद्या गावाला पाच रस्ते असावेत तसं. एक बंद पडला तरी गाव उपाशी राहत नाही. म्हणून चेहऱ्यावरची जखम पायावरच्या जखमेपेक्षा कितीतरी लवकर भरते. पायाचे टाके आम्ही दहा-बारा दिवस ठेवतो, चेहऱ्याचे साधारण पाचव्या दिवशी काढतो.

डोक्याला खोक पडली की रक्त थांबता थांबत नाही, तेही या श्रीमंतीमुळेच. शिवाय डोक्याच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या खालच्या घट्ट जाळीत अडकलेल्या असतात. कापल्या की त्या इतर ठिकाणच्यासारख्या आकसून मिटत नाहीत, उघड्याच राहतात. पोराचा सगळा शर्ट लाल झालेला पाहून आई घाबरते, पण जखम बघावी तर बोटाच्या पेराएवढी. अशा वेळी हळद, कॉफी पावडर, चुना काही लावू नका. स्वच्छ कापडाची घडी ठेवून हाताने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. बहुतेक रक्त तिथेच थांबतं. मग टाक्यांना या. हाड खचल्यासारखं लागलं तर मात्र जोरात दाबू नका, आणि उलट्या झाल्या किंवा मूल झोपाळल्यासारखं वाटलं तर थेट यवतमाळ.

या श्रीमंतीची जगप्रसिद्ध गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी, १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर बैल हाकायला होता. तो टिपूच्या कैदेत सापडला, आणि तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा साचा करून तो कपाळावर पसरला, त्या मापाने कपाळाची कातडी सोडवली, आणि दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून ती कातडी खाली फिरवून नाकाच्या जागी बसवली. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज सर्जन हे पाहायला हजर होते. पंचवीसेक दिवसांनी, नव्या जागचं रक्त सुरू झाल्यावर ती पट्टी कापली.

त्या पट्टीत नेमकं काय होतं? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून कपाळावर चढणारी एक बारीक धमनी. ती आतल्या कॅरोटिडची नात, आणि चेहऱ्याच्या धमनीशी तिथेच हातमिळवणी करणारी. ती पट्टी कापली गेली असती तर कपाळाची कातडी दोन दिवसांत काळी पडली असती. त्या कारागिराला धमनीचं नाव माहीत नव्हतं, पण कुठे कापायचं नाही हे पक्कं माहीत होतं. लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया तिकडे केली आणि १८१६ मध्ये पुस्तक छापलं. आजही नाकाच्या कर्करोगानंतर नवं नाक करताना प्लॅस्टिक सर्जन कपाळाचीच कातडी वापरतात. आपल्या भागात खर्‍याने जबड्याचा कर्करोग होऊन ऑपरेशन झालेले कितीतरी लोक आहेत. त्यांच्या गालात मांडीची किंवा हाताची कातडी बसवतात, तेव्हा तिला रक्त मिळावं म्हणून ती बहुधा चेहऱ्याच्या धमनीलाच सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात.

मेंदूची गरिबी

आता आतल्या फांदीकडे या. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीराच्या एकूण प्राणवायूतला जवळपास २० टक्के तो एकटा वापरतो. दर मिनिटाला पाऊण लिटर रक्त त्याला लागतं. साठा शून्य. पुरवठा पूर्ण थांबला तर दहा सेकंदांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात. मेंदूच्या तळाशी चारही धमन्यांना जोडणारं एक कडं आहे खरं, पण ते अनेक माणसांत अपुरं असतं, आणि कड्याच्या पुढे गेलेल्या फांद्यांना फारसे आडरस्ते नाहीत. मोठी धमनी बंद होऊन झटका आला की उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा एक हिशेब २००६ मध्ये मांडला गेला.

आणि नळी तुंबते कुठे? बरेचदा त्या दुभंगण्याच्या जागीच. कालव्याला जिथे फाटा फुटतो, तिथे पाणी भोवरे घेतं आणि गाळ बसतो. बेंबळ्याच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे सांगायला नको. रक्तदाब, साखर, तंबाखू आणि वय यांनी त्या जागी धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचतो. तो थर वर्षानुवर्षं काही बोलत नाही. मग एक दिवस त्याला भेग पडते, त्यावर रक्ताची छोटी गुठळी धरते, आणि तिचा तुकडा सुटून वर जातो.

तो तुकडा कुठे जाऊन अडकतो त्यावर सगळं अवलंबून. डोळ्याच्या धमनीत गेला तर एका डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखा अंधार. मेंदूच्या डाव्या भागात गेला तर उजवा हात लुळा, तोंडाचा उजवा कोपरा खाली, आणि शब्द सुचेनासे. तुकडा छोटा असेल तर काही मिनिटांत विरघळतो. रक्त पुन्हा सुरू. हात उचलतो, बोलणं परत येतं. माणूस चहा पितो.

यालाच आम्ही टीआयए म्हणतो. लोक म्हणतात, 'लकवा मारल्यासारखं झालं होतं, पण गेलं.'

'आता त बरं हाये जी मले'

हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो, आणि ते मला हार्ट अटॅकच्या कळेपेक्षा जास्त घाबरवतं. कळ निदान माणसाला दवाखान्यात आणते. हे वाक्य त्याला घरी ठेवतं.

सकाळी वेचणीला गेलेल्या माणसाच्या हातातून कापूस सुटतो. पाच-सात मिनिटं हात आपला वाटतच नाही. मग ठीक. घरचे म्हणतात, ऊन लागलं. कोणी कांदा हुंगवतो, कोणी म्हणतं रात्रभर हातावर झोपला असशील. तो संध्याकाळी, नाही तर बाजाराच्या दिवशी, दुसऱ्याच कामासाठी आला तर जाता जाता सांगतो. यात कोणी अडाणी नाही. बरं झालेल्या माणसासाठी मजुरी बुडवून, गाडी करून यवतमाळला का जायचं, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचं उत्तर आकड्यात देतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या इमर्जन्सी विभागांत टीआयए म्हणून आलेल्या सतराशेवर लोकांचा अभ्यास २००० मध्ये छापून आला. पुढच्या ९० दिवसांत दर दहांतल्या एकाला खरा, न जाणारा लकवा झाला. त्यातल्या निम्म्यांना पहिल्या दोनच दिवसांत. म्हणजे 'बघू दोन दिवस' हेच दोन दिवस सगळ्यात वाईट. उलट, इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला अशा लोकांना त्याच दिवशी तपासून लगेच औषधं सुरू केली, तेव्हा ९० दिवसांत लकवा होण्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २००७ चा. आणि ती औषधं काही सोन्याची नव्हती. अॅस्पिरिनसारखी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी. बहुतेक तालुक्याच्या औषध दुकानात मिळणारी.

आमच्या धंद्यात इतक्या स्वस्तात इतकं काही वाचवणारी संधी फार थोड्या वेळा मिळते. म्हणून मला राग येतो तो माणसाचा नाही, तर 'गेलं ना, मग काय टेन्शन' म्हणून पाठवून देणाऱ्यांचा. यात कधी शेजारी असतो, कधी बोटाला सुई टोचून रक्त काढा म्हणणारा व्हॉट्सअॅपचा मेसेज, आणि खेदाने सांगतो, कधी आमच्यातलाच कोणी. सलाईन लावून घरी पाठवणं हा टीआयएचा उपचार नाही.

तोंड वाकडं झालं म्हणजे लकवाच का?

नाही, आणि हा गोंधळ नेहमी होतो. चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मज्जातंतू कानाच्या मागून येतो. त्याला सूज आली तर चेहऱ्याची एक बाजू पडते. त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. याचा मानेतल्या धमनीशी संबंध नाही.

घरी बघता येण्याजोगा एक फरक आहे. माणसाला भुवया वर करायला सांगा. मज्जातंतूच्या सुजेत त्या बाजूच्या कपाळावर आठ्याच पडत नाहीत, आणि डोळाही मिटत नाही. मेंदूच्या लकव्यात बहुधा ओठाचा कोपरा खाली येतो, पण दोन्ही बाजूंना आठ्या पडतात, डोळा मिटतो, आणि सोबत हात, पाय किंवा बोलणं बिघडलेलं असतं. तरीही निर्णय तुम्ही घेऊ नका. मज्जातंतूच्या सुजेलाही तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर उपयोग जास्त होतो. म्हणजे दोन्हींत उशीर वाईटच. लकव्याचं तेल, कबुतराचं रक्त चोळणं, यांनी काहीच होत नाही. बेल्स पाल्सीचे बहुतेक रुग्ण आपोआप सुधारतात आणि श्रेय तेलाला जातं.

डॉप्लर सगळ्यांनी करावा का?

इथे माझं मत काहींना आवडणार नाही. हल्ली तपासणीच्या पॅकेजमध्ये मानेचा डॉप्लर असतो. मुलं पुण्या-नागपूरहून आईवडिलांना घेऊन जातात, दहा-बारा तपासण्या होतात, जाड फाईल तयार होते. मुलांचं प्रेम खरं आहे. पण काहीच त्रास नसलेल्या माणसाने मानेचा डॉप्लर करू नये, असं माझं मत आहे. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनेही २०२१ मध्ये हाच सल्ला पुन्हा दिला. कारण सरळ आहे. त्रास नसलेल्यांत गंभीर अरुंदपणा फार कमी लोकांत असतो. तपासणी अनेकदा नसलेला दाखवते. मग अँजिओग्राफी, मग ऑपरेशनची चर्चा, आणि ऑपरेशनमध्ये स्वतःलाच लकव्याचा धोका असतो.

ज्याला टीआयए किंवा छोटा लकवा होऊन गेला आहे, त्याच्यासाठी मात्र हाच डॉप्लर अत्यंत मोलाचा आहे, आणि तो आठवड्याभरात नव्हे तर एक-दोन दिवसांत व्हायला हवा. १९९१ च्या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, त्रास झालेल्या आणि धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असलेल्या लोकांत फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा लकवा झाला. धमनी उघडून थर काढलेल्यांत ९ टक्क्यांना. एकच तपासणी, एकाला निरर्थक, दुसऱ्याला जीवदान. एक गोष्ट लक्षात असू द्या: आपल्या लोकांत मानेपेक्षा कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आढळतं. म्हणून मानेचा डॉप्लर चांगला आला तरी विषय संपत नाही.

आईवडिलांसाठी काही घ्यायचंच असेल तर दंडाला बांधायचं बीपीचं मशीन घ्या. ३२ देशांत झालेल्या, २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात लकव्याच्या जवळपास ९० टक्के धोक्याचा संबंध दहा सुधारता येण्याजोग्या कारणांशी आढळला, आणि त्यात पहिला क्रमांक रक्तदाबाचा. त्या अभ्यासात भारतही होता. आपल्याकडे बीपीची गोळी लोक 'त्रास झाला की' घेतात. बीपीला त्रास नसतो. गोळी बंद केल्यावर आठवडाभर बरं वाटतं म्हणून ती बंदच राहते, आणि थर साचत राहतो.

मान मोडून घेणं

दाढी-कटिंगनंतर न्हावी डोक्याची चंपी करतो आणि शेवटी हनुवटीला एक झटका देऊन मान 'कट्' करतो. चंपीला माझा काही विरोध नाही, मलाही आवडते. झटक्याला आहे. मान एकदम वळली की मणक्यातून जाणारी किंवा पुढची धमनी ताणली जाऊन तिचं आतलं अस्तर फाटू शकतं. फाटलेल्या अस्तराखाली रक्त शिरतं, गुठळी होते, आणि तिशी-चाळिशीतल्या माणसाला लकवा येतो, कधी त्याच दिवशी, कधी काही दिवसांनी. हे दुर्मीळ आहे हेही सांगतो. हजारो माने मोडून घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण मिळतं काय? एक आवाज. त्यासाठी हा धोका मला पटत नाही. पार्लरमध्ये मान मागे बेसिनवर टेकवून केस धुताना असंच झाल्याच्या पाच बायकांची नोंद १९९३ मध्ये अमेरिकेत झाली होती. मान अवघडली तर सांगा, खाली टॉवेलची घडी ठेवायला लावा. कुठल्याही झटक्यानंतर मानेच्या एका बाजूला नवीन, न थांबणारी कळ, चक्कर, किंवा एका डोळ्याची पापणी खाली आलेली दिसली, तर मालिश थांबवून दवाखाना गाठा.

खर्‍याविषयी थोडंच लिहितो, कारण या ब्लॉगवर मी त्याचा पिच्छा सोडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून तोंडात धरला की लोकांना वाटतं, धूर नाही म्हणजे धमन्यांना काही नाही. पण तंबाखूतलं निकोटिन गालातून थेट रक्तात जातं, नाडी आणि दाब दोन्ही वाढवतं. बिनधुराच्या तंबाखूने लकव्याने मरण्याचा धोका वाढतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी ज्यांच्या मानेला किरणांचा 'शेक' दिला गेला, त्यांच्या मानेतल्या धमन्या पुढच्या काही वर्षांत अरुंद होऊ शकतात. तुमच्या घरी असा माणूस असेल तर त्याचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल जास्त काटेकोर ठेवा, आणि त्याच्या दहा मिनिटांच्या अशक्तपणाला दुप्पट गांभीर्याने घ्या.

दोन क्वचित होणारे आजारही नोंदवून ठेवतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, केस विंचरताना दुखणं, घास चावता चावता जबडा भरून येणं: ही कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते. आपल्याकडे कमी दिसते, पण उशीर झाला तर डोळा कायमचा जातो. आणि तरुण मुलीच्या एका हाताला बीपीच लागत नाही, नाडी सापडत नाही, चक्कर येते, असं असेल तर 'मशीन खराब आहे' म्हणून सोडू नका. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांना सूज येणारा ताकायासू नावाचा आजार असतो. जपानी डॉक्टर ताकायासूंनी तो १९०८ मध्ये प्रथम मांडला, आणि तो आशियात, आपल्याकडेही, जास्त आढळतो.

प्रत्यक्षात झालं तर

घरात कोणाचं तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं बिघडलं, एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर सगळ्यात आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. माणूस अखेरचा पूर्ण ठीक कधी होता, ती वेळ. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारेल. 'सकाळी उठला तेव्हाच असा होता' असेल तर रात्री झोपायला गेल्याची वेळ सांगा. नंतर बरं वाटलं तरी निघायचंच.

१०८ ला फोन करा. आमच्याकडून यवतमाळ जवळ आहे. तिथल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येतं. मेंदूचा सीटी स्कॅन सगळ्यात आधी, कारण गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात आणि त्यांचे उपचार उलटे आहेत. म्हणून घरी अॅस्पिरिन देऊ नका. बीपी वाढलेलं दिसलं तरी जिभेखाली गोळी फोडू नका. दाब एकदम पडला तर अरुंद नळीतून मेंदूला जे थोडं रक्त जातं आहे तेही जाणार नाही. पाणी, चहा, काही पाजू नका, गिळता येत नसेल तर फुप्फुसात जातं. शुद्ध कमी असेल तर कुशीवर वळवून न्या. धामणगावकडच्या किंवा वर्ध्याच्या सीमेवरच्या गावांना सेवाग्राम किंवा सावंगीही सोयीचं पडू शकतं, पण जिथे जायचं तिथे सीटी मशीन चालू आहे का, हे वाटेतच फोनवर विचारा.

जाताना रोजच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, जुनी फाईल सापडली नाही तरी चालेल. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ते दारातच सांगा. आणि सोबत जाणारा माणूस असा निवडा, ज्याने ते होताना स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे.